विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या आपल्या भागातील महिलांना सोबत कशी द्यावी?

मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यातील एका वाचनालयाच्या महिला वाचक गटाने मराठी विकिपीडियावर लिहिण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. गटात निवृत्त शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, स्त्रीशक्ती संघाचे हिशेब सांभाळणाऱ्या गृहिणी आहेत आणि पदवीच्या वर्गातल्या काही मुलीही आहेत. कार्यशाळेच्या दिवशी उत्साह पुष्कळ असतो. खाती उघडली जातात, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चार ओळी लिहिल्या जातात, एकत्र छायाचित्र निघते. महिना उलटला की लिहिणाऱ्या मोजक्याच उरतात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २०११ च्या सुमारास जगभरातील संपादकांची जी सर्वेक्षणे झाली, त्यांत महिलांचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच आढळले होते आणि तेव्हापासून त्यावर सतत चर्चा चालू आहे. तरीही माझे निरीक्षण असे की गळती कार्यशाळेत होत नाही. ती नंतर, एका ठरावीक वेळी होते. आपण लिहिलेला परिच्छेद कोणीतरी काढून टाकला आहे किंवा त्याच्या माथ्यावर संदर्भ मागणारा साचा (सूचनेची चौकट) लावला आहे, हे जेव्हा ती पहिल्यांदा पाहते, तेव्हा ती घरी एकटी असते आणि विचारायला जवळ कोणी नसते. म्हणून एका दिवसाच्या प्रशिक्षकापेक्षा काही महिने सोबत राहणारी मार्गदर्शक अधिक उपयोगाची, असे मला वाटते. आपल्यापैकी कोणी अशी सोबत केली आहे का? ती कशी असावी आणि कुठे थांबावी, याविषयी सविस्तर लिहावे ही विनंती.

वडगावकर

विषय चांगला आहे, परंतु एक शंका मांडतो. लिहिणे सोडून देणारे पुरुषही पुष्कळ असतात. मजकूर उलटवला गेला, म्हणजे केलेला बदल रद्द झाला, की राग कोणालाही येतो. मग महिलांसाठी वेगळी व्यवस्था कशाला हवी? सर्वच नवागतांना चांगले मार्गदर्शन मिळाले तर त्यात महिलाही आल्याच.

अंगणातली तुळस

वडगावकर सर, आपली शंका प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पुरुष नवागताचा मजकूर उलटवला जातो तेव्हा तो सहसा वाद घालतो किंवा मित्राला विचारतो. आमच्या गावाकडच्या बाईला प्रथम असे वाटते की आपलेच काहीतरी चुकले आणि आता ते सगळ्या जगाला दिसले. त्यात घरातून कोणी म्हणते, "कशाला त्या भानगडीत पडलीस?" एवढे एक वाक्य तिला थांबवायला पुरेसे ठरते. वेळेचा प्रश्न आणखी वेगळा. रात्री सगळ्यांची जेवणे उरकल्यावर जो अर्धा तास मिळतो तोच तिचा. त्या अर्ध्या तासात पासवर्ड आठवला नाही किंवा कळफलक मराठीत उमटला नाही, तर तो दिवस गेला. खानापूरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, हे आपण जाणताच.

याचा अर्थ महिलांसाठी नियम वेगळे असावेत असा नाही. विचारण्याची जागा वेगळी असावी, एवढेच म्हणणे आहे. जिथे मूर्ख ठरण्याची भीती नाही अशी जागा असली की बायका भरभरून विचारतात. एका बैठकीत नुसते ‘इतिहास’ हे बटण समजावून सांगितले. लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती तिथे शाबूत असते आणि आपल्या हातून लेख कायमचा बिघडूच शकत नाही, हे कळल्यावर निम्म्याजणींची भीती तिथेच ओसरली.

टिळकवाडीचा वाचक

तुळसताईंच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ (जिथे संपादक लेखाविषयी बोलतात) ही दोन पाने आधी दाखवावीत आणि ‘संपादन’ नंतर.

निपाणीची लेक

मी माहेरगावी असाच एक छोटा गट सांभाळते. मला वाटते, मूळ अडचण पहिला विषय निवडताना होते. नवी लेखिका पहिला लेख जवळच्या माणसावर लिहू पाहते. कधी तो आपल्या शाळेच्या बाईंवर असतो, कधी सासऱ्यांनी काढलेल्या संस्थेवर, कधी गावातल्या कीर्तनकारांवर. तिच्या मनात कृतज्ञता असते आणि ती सुंदर लिहितेही. पण स्वतंत्र, छापील आणि विश्वसनीय संदर्भ नसतात, लेखिका विषयाच्या नात्यातली असते, आणि लेख उल्लेखनीयतेच्या (इतरांनी विषयाची पुरेशी दखल घेतली आहे का, या) निकषावर काढला जातो. तिला वाटते की आपल्या बाईंचाच अपमान झाला. ही जखम लवकर भरत नाही, म्हणून ती होऊच न देणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम आहे.

मी पहिले काही आठवडे नवा लेख सुरूच करू देत नाही. आधीच्या लेखातले शुद्धलेखन सुधारायचे, एक संदर्भ जोडायचा, आपल्या गावच्या देवळाचे स्वतः काढलेले छायाचित्र कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवायचे. ही कामे लहान आहेत, परंतु ती सहसा उलटवली जात नाहीत. नावापुढे टिकलेली अशी संपादने जमा झाली की पुढे एखादे उलटले तरी बाई खचत नाही.

सीमेवरचा शिक्षक

निपाणीताईंच्या पद्धतीशी मी अंशतः असहमत आहे. पंचवीस वर्षे वर्गात मराठी शिकवलेल्या शिक्षिकेला आपण वेलांट्या दुरुस्त करायला बसवणार का? तिला ज्ञान द्यायचे आहे, ती मुद्रितशोधनासाठी आलेली नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका अशाच कंटाळून निघून गेल्या. माणूस पाहून काम द्यावे.

निपाणीची लेक

सर, आपले म्हणणे मान्य. अशा अनुभवी बाईंना मी पहिल्या दिवसापासून धूळपाटीवर पूर्ण लेख लिहू देईन. तो मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष विश्वकोशात, नेण्याची घाई मात्र करू देणार नाही. धूळपाटीवर लेख महिनाभर राहिला तरी बिघडत नाही, आणि तेवढ्या काळात संदर्भ गोळा होतात.

तांबडी माती

संदर्भांविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथेच आहे.

संदर्भ म्हणजे इंटरनेटवरचा दुवा, असा नवागतांचा समज असतो. तो पहिल्याच बैठकीत दूर करावा. छापील पुस्तक, दैनिक, नियतकालिक हे सर्व चालते. दैनिकाचे नाव, तारीख, मथळा आणि शक्य असल्यास पृष्ठक्रमांक दिला की पुरे. ‘तरुण भारत’ बेळगावातून १९१९ पासून निघतो आहे. येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा येथे मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांचे वृत्तान्त दैनिकांत येतात. गावोगावच्या वाचनालयांत जुन्या फायली आणि अंक पडून आहेत. आमच्या भागातल्या ज्या बाईला कपाटातली फाईल काढून नोंद कशी करायची हे ठाऊक आहे, तिच्याकडे शहरातल्या संगणक-पारंगत मुलाकडे नसलेले साधन आहे.

मात्र संस्थेने स्वतःच काढलेली स्मरणिका त्या संस्थेच्या उल्लेखनीयतेचा पुरावा म्हणून चालत नाही. स्थापनेचे साल अशा साध्या माहितीसाठी ती वापरता येते. हा फरक उदाहरण देऊन सांगावा लागतो.

दुसरे असे की बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा बेळगावविषयीचा एकविसावा खंड १८८४ साली निघाला. तो प्रताधिकारमुक्त आहे आणि इंटरनेटवर वाचायला मिळतो. गावे, देवळे, पेठा, विणकरी यांविषयी त्यात पुष्कळ नोंदी आहेत. त्यातली माहिती घेताना ती परकीय अंमलदारांनी लिहिली आहे याचे भान ठेवावे आणि शक्य तिथे नंतरच्या अभ्यासकांचा आधार जोडावा.

हलशीचा पाहुणा

तांबडी माती यांना धन्यवाद. विषयांची उणीव नाही, हे मीही सांगेन. कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या राणी कमलादेवी यांनी बांधवले. एका स्त्रीने उभारलेले, आपल्या जिल्ह्यातले मंदिर! कोरीव लेख आहेत, अभ्यासकांचे लेखन आहे, जाऊन छायाचित्रे काढता येतात. नवागत महिलांच्या गटाने एकत्र घ्यावा असा हा विषय आहे. एकीने शिलालेखांविषयीचे वाचन करावे, एकीने छायाचित्रे काढावीत, एकीने सध्याची स्थिती लिहावी. एकटीने आख्खा लेख पेलण्याचे दडपण त्यामुळे राहत नाही.

मलप्रभाकाठ

हलशीच्या पाहुण्यांची सूचना मनापासून आवडली. आमच्या गटात सहल ठरवणे हे लेख ठरवण्यापेक्षा सोपे असते. शिवाय जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसने महिलांना राज्यात मोफत प्रवास करता येतो, त्यामुळे खर्चाचे कारण सांगून घरी थांबवले जाण्याचे प्रमाण आमच्याकडे खरोखर घटले आहे.

कन्नड शाळेतली मराठी

एक मुद्दा अजून कोणी मांडला नाही. आपल्या मुली दोन लिप्या सहज वाचतात. आमच्या पिढीतल्या मराठी शाळेत शिकलेल्यांना कन्नड जेमतेम वाचता येते, पण आजच्या मुली कन्नड पाठ्यपुस्तके वाचून परीक्षा देतात आणि घरी मराठीत बोलतात. राणी चन्नम्मा, बेळवडीची मल्लम्मा, सौंदत्तीचे यल्लम्मा मंदिर यांविषयीचे कितीतरी लेखन कन्नडमध्ये आहे. पुण्या-मुंबईच्या संपादकाला ते वाचता येत नाही. आपल्या मुलीला येते. मराठी लेखाला कन्नड पुस्तकाचा संदर्भ देता येतो, त्याला कोणतीही आडकाठी नाही.

मी एका मायलेकींच्या जोडीला मार्गदर्शन करते. मुलगी कन्नड संदर्भ वाचून मुद्दे सांगते आणि आई ते मराठीत लिहिते. आईचे मराठी घडीव आहे, मुलीचा हात कळफलकावर वेगाने चालतो. दोघींची खाती वेगळी आहेत आणि प्रत्येकीने केलेले काम तिच्याच नावावर नोंदले जाते, याची मी काळजी घेते. भाषांतर साधनाने कन्नड लेखाचा यंत्राने केलेला अनुवाद जसाच्या तसा चढवणे मात्र मी कटाक्षाने टाळायला लावते. यंत्राचे मराठी वाचवत नाही आणि ते नीट न करता प्रकाशित केले की लेख काढला जातो.

वडगावकर

वरच्या सर्व प्रतिक्रिया वाचून माझे मत बरेच बदलले आहे. आता एक नाजूक प्रश्न विचारतो. आपल्या भागातली कोणतीही मराठी लेखिका सर्वप्रथम सीमाप्रश्नाच्या लेखाकडे वळणार. शहराच्या नावाचाच वाद आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झाले आणि आपण सगळे बेळगावच म्हणतो. तिथे नवागत महिलेने हात घालावा का?

सीमेवरचा शिक्षक

माझे स्पष्ट मत आहे की घालावा. हा आमच्या जगण्याचा विषय आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, या काळात मोर्चांत चाललेल्या आणि तुरुंगात गेलेल्या महिला, हे सगळे आमच्या घरांनी पाहिले आहे. बायकांनी पाककृतींवर लिहावे आणि राजकारण पुरुषांनी सांभाळावे, हा जुनाच पायंडा इथेही पडावा का?

अंगणातली तुळस

सर, तसा पायंडा कोणालाच नको आहे. परंतु त्या लेखांवर दोन्ही बाजूंचे जुने संपादक सतत नजर ठेवून असतात. तिथे पहिल्याच दिवशी गेलेल्या बाईचे वाक्य पाच मिनिटांत उलटले जाईल आणि ती पुन्हा लिहू लागली तर संपादनयुद्ध समजून तिचेच खाते अडवले जाऊ शकते. विश्वकोशाने बाजू घ्यायची नसते. एका राज्याची भूमिका काय, दुसऱ्याची काय, आयोगाने काय म्हटले आणि कोणी ते का नाकारले, हे ज्याचे त्याच्या नावावर लिहायचे असते. ज्या विषयावर आपले मन इतके गुंतलेले आहे तिथे हे सर्वांत कठीण असते, आणि ते कसब आधी कमी तापलेल्या लेखांवर कमवावे लागते.

मी असा मार्ग सुचवेन. सुरुवातीला त्या लेखाचे फक्त चर्चा पान वाचावे. मग संदर्भासह एक सूचना तिथे मांडावी आणि उत्तराची वाट पाहावी. लेखाला थेट हात त्यानंतर लावावा. ज्या महिलांनी लढ्यात भाग घेतला त्यांची नावे व कार्य छापील पुराव्यासह नोंदवणे हे काम खरेच बाकी आहे, आणि ते आपल्याच भागातल्या बायका सर्वांत चांगले करू शकतील.

सीमेवरचा शिक्षक

या क्रमाला माझी हरकत नाही. ‘नंतर’ म्हणजे ‘कधीच नाही’ असे होऊ नये, एवढीच विनंती.

गॅलरीतून

मी पुण्यात असते, माहेर शहापूरचे. एक माहिती देते. इंग्लिश विकिपीडियावर २०१५ साली स्त्रियांवरील लेख वाढवण्यासाठी ‘विमेन इन रेड’ हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथल्या चरित्रलेखांपैकी जेमतेम पंधरा टक्के स्त्रियांविषयी होते. आता ते प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आले आहे. २०१८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या डोना स्ट्रिकलंड यांच्यावर पारितोषिक जाहीर झाले त्या वेळी लेखच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरील मसुदा पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला होता. तोवरच्या इतिहासात हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या अवघ्या तिसऱ्या महिला.

हे सांगण्याचे कारण असे की लेख नाकारला जाणे म्हणजे ती व्यक्ती क्षुद्र ठरणे नव्हे, हे नवागतांना पटवून द्यायला हे उदाहरण फार उपयोगी पडते. दैनिकांनी आणि पुस्तकांनी ज्या स्त्रियांची दखल कमी घेतली, त्यांची दखल विश्वकोशातही कमीच येते. संदर्भ शोधणे हेच त्यामुळे मोठे काम होऊन बसते.

टिळकवाडीचा वाचक

आपल्याकडे इंदिरा संत (१९१४–२०००) यांच्यासारखी कवयित्री बेळगावात राहिली, तिथे शिकवले, तिथून लिहिले. त्यांच्याविषयी पुस्तके आणि समीक्षालेख भरपूर आहेत. संदर्भ विपुल असलेला विषय शिकायला चांगला. ग्रंथालयात बसून एकेका वाक्याला आधार कसा द्यायचा, हे अशा लेखावर शिकवावे.

कुंदाप्रेमी

कुंदा आणि मांडे या आपल्या गोड पदार्थांच्या लेखांना चांगली छायाचित्रे हवीत. छायाचित्र काढून झाल्यावर उरलेल्या ऐवजाची जबाबदारी घ्यायला मी आनंदाने तयार आहे.

निपाणीची लेक

कुंदाप्रेमी यांचे स्वागत. छायाचित्रांवरून आठवले, व्हॉट्सॲपवर आलेले किंवा गूगलवर सापडलेले चित्र कॉमन्सवर चढवले की ते काढले जाते आणि चर्चा पानावर ताकीद येते. कायद्याच्या भाषेतली ती ताकीद वाचून बायका घाबरतात, पोलीस येतील की काय असे विचारतात. म्हणून आधीच सांगावे की चित्र स्वतः काढलेले असावे. हादग्याची गाणी किंवा जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या असतील, तर गाणाऱ्या आजींना हे कोणीही ऐकू आणि वापरू शकेल असे स्पष्ट सांगून त्यांची संमती घ्यावी. आजींना नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे.

तांत्रिक मदत

कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

एकाच इंटरनेट जोडणीवरून २४ तासांत साधारण ६ नवी खातीच उघडता येतात. वाचनालयाच्या वायफायवर वीसजणी बसल्या की सातवीपासून अडते आणि सकाळ वाया जाते. आदल्या आठवड्यात प्रत्येकीने घरून खाते उघडावे किंवा प्रचालकांना (विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांना) आधी कळवून व्यवस्था करून घ्यावी. मोबाइल कंपन्यांचा एकच अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) अनेक ग्राहकांत वाटला जातो. त्यामुळे दुसऱ्याच कोणाच्या खोडसाळपणामुळे लावलेली बंदी आपल्या नवागताला दिसू शकते. ती तिच्यावर वैयक्तिक कारवाई नसते, हे सांगायला तिथे कोणीतरी हवे.

बहुतेक महिलांकडे लॅपटॉप नसतो. शिकवणारे मात्र पडद्यावर लॅपटॉपचेच चित्र दाखवतात. ज्या फोनवर ती रात्री लिहिणार आहे त्याच फोनवर शिकवावे. बोलून टंकन करण्याची सोय वापरता येते, फक्त विरामचिन्हे आणि विशेषनामे नंतर तपासावीत.

अंगणातली तुळस

तांत्रिक मदत यांच्या यादीला एक जोडते. मार्गदर्शकाने नवागत महिलेचा पासवर्ड कधीही स्वतःकडे ठेवू नये आणि तिच्या खात्यातून स्वतः संपादन करू नये. सोयीसाठी एकाच वहीत सगळ्यांचे पासवर्ड लिहून ठेवणारे संयोजक असतात. एक खाते म्हणजे एक व्यक्ती, हा प्रकल्पाचा नियम आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा जिच्या नावावर काहीतरी तिचे स्वतःचे झाले आहे, त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असू नये.

मलप्रभाकाठ

तुळसताईंचा शेवटचा मुद्दा मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. याच्याशी जोडून विचारते. खरे नाव वापरावे की टोपणनाव? आमच्याकडे काहीजणींना आपले नाव लेखाच्या इतिहासात दिसावे असे मनापासून वाटते आणि काहींना तेच नको आहे.

गॅलरीतून

निर्णय तिचा असावा, पण माहिती आधी द्यावी. सदस्यनाव सार्वजनिक असते आणि प्रत्येक संपादन त्या नावासह कायम राहते. खाते उघडताना दूरध्वनी क्रमांक लागत नाही. ई-मेल देणे ऐच्छिक आहे, परंतु पासवर्ड विसरल्यास तोच आधार असल्याने द्यावा, तो इतरांना दिसत नाही. सदस्य पानावर गाव, कॉलेज, मुलांची नावे लिहू नयेत. तरुण मुलींना मी टोपणनावाचाच सल्ला देते.

कोणी असभ्य बोलले तर तिने एकटीने उत्तर देत बसू नये. ते पान पुसू नये, दुवा जपून ठेवावा आणि मार्गदर्शकाला व प्रचालकांना कळवावे. विकिमीडिया प्रकल्पांना लागू असलेली सार्वत्रिक आचारसंहिता २०२१ पासून अस्तित्वात आहे आणि छळवणूक तिच्यात स्पष्टपणे निषिद्ध आहे. कठोर शब्दांतली टीका आणि छळ यांतला फरकही समजावून द्यावा लागतो. "हा परिच्छेद पक्षपाती आहे" ही टीका आहे, ती ऐकायची असते.

कन्नड शाळेतली मराठी

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण ‘सोबत कशी द्यावी’ याचे नेमके उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

माझ्या मते कसोटीची वेळ तीच, जी मलप्रभाकाठ यांनी सुरुवातीला सांगितली. पहिले संपादन उलटले जाते तेव्हा मार्गदर्शकाचा हात शिवशिवतो. ती स्वतः जाते, जुन्या संपादकाशी भांडते किंवा संदर्भ स्वतःच जोडून मोकळी होते. लेख टिकतो, पण बाई तिथेच राहते. मी तसे करत नाही. फोनवर दोघी तेच पान उघडतो. मी विचारते, कोणी काढले, कारण काय लिहिले आहे, तुला ते पटते का? पटत असेल तर काय दुरुस्त करायचे? पटत नसेल तर चर्चा पानावर काय लिहायचे, ते ती मला आधी तोंडी सांगते, मग स्वतः लिहिते आणि शेवटी सही करते. उत्तर येईपर्यंत मी दर एक-दोन दिवसांनी चौकशी करते. त्या संपादकाने सौजन्याने उत्तर दिले, आणि बहुतेकजण देतात, की तिचा प्रकल्पावर विश्वास बसतो. माझ्यावर बसून काही उपयोग नाही.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा बांधतात. तो कधी सोडायचा हे शिकवणाऱ्याला कळावे लागते. चर्चा पानावर तिने माझ्या मदतीशिवाय एक वाद निभावला की मी रोजची विचारपूस थांबवते, आणि पुढची नवागत तिच्याच हाती सोपवते.

वडगावकर

हे मार्गदर्शन व्हॉट्सॲप गटावर करावे की विकिपीडियाच्या चर्चा पानांवर?

कन्नड शाळेतली मराठी

धीर देण्यासाठी फोन आणि व्हॉट्सॲप, लेखाविषयीचे सर्व बोलणे चर्चा पानावर. गटात सगळे ठरवून पानावर नुसता निकाल नेला तर इतर संपादकांना ती टोळी वाटते. इंग्लिश विकिपीडियाने २०१२ साली ‘टीहाउस’ नावाचे मदतकेंद्र सुरू केले, तिथे नवागतांचे प्रश्न सर्वांसमक्ष विचारले जातात आणि उत्तरे पुढच्यांनाही वाचता येतात. मराठीत चावडी हे सर्वांसाठी खुले चर्चापान आहे, तिचा उपयोग आपल्या बायकांनी निःसंकोच करावा.

सीमेवरचा शिक्षक

लेखांच्या संख्येवर बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांविषयीही बोलायला हवे. स्पर्धेच्या महिन्यात महिला भरपूर लिहितात, पण चार-चार ओळींचे लेख पाडले जातात आणि मार्गदर्शकांचा सगळा वेळ ते तपासण्यात जातो. मला वाटते स्पर्धेत भाग घेण्याआधी प्रत्येकीने एक लेख नीट पूर्णत्वास नेलेला असावा.

हलशीचा पाहुणा

स्पर्धा अगदीच निरुपयोगी नाहीत. लोकसंस्कृती आणि स्त्रिया या विषयांवरच्या वार्षिक मोहिमेमुळे आमच्याकडच्या दोघी पहिल्यांदा लिहित्या झाल्या आणि बक्षीस न मिळताही लिहीत राहिल्या. तारीख समोर असली की काहींचे काम होते.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या गटाने काल बसून असे ठरवले आहे की यंदा मोठी कार्यशाळा घ्यायची नाही. रोप लावणीची घाई संपल्यावर, ऑगस्टमध्ये, दर शनिवारी दुपारी वाचनालयात दोन तास बसायचे. प्रत्येक मार्गदर्शकाकडे फक्त दोघी. पहिला सामूहिक विषय देगावचे कमलनारायण मंदिर. नव्या महिला आठजणी आहेत, सध्या मार्गदर्शक तिघी. चौथी व्यक्ती हवी आहे. कन्नड वाचता येत असेल तर फारच उत्तम.

कन्नड शाळेतली मराठी

मला दोघी द्या. मला दर शनिवारी येता येणार नाही, पण एकाआड एक शनिवारी येईन आणि रात्री साडेनऊनंतर फोनवर उपलब्ध असेन. पहिल्या भेटीला त्यांनी स्वतःचा फोन आणि घरात असेल ते देवळांविषयीचे कोणतेही जुने पुस्तक आणावे. खाती आधी उघडून ठेवावीत आणि पासवर्ड मला सांगू नयेत.

तांत्रिक मदत

वाचनालयाचे वायफाय आधी तपासून ठेवतो. जुलैअखेर येऊन जाईन.